दारूचा हात

नर्सरीत कलमं जळायला लागली ती पेरूच्या हंगामात, ऐन उन्हात, आणि पहिल्या आठवड्यात कुणी कारागिराचं नाव घेतलं नाही. ऊन जास्त आहे म्हणाले. विहिरीचं पाणी खारट झालंय म्हणाले. काड्या शिळ्या आल्या असतील म्हणाले. अठरा वर्षं ज्या माणसाची शंभरातली पाच कलमंसुद्धा वाया गेली नाहीत, त्याच्याकडे बोट दाखवायला लोकांना जरा वेळ लागतो. पण एकदा बोट उठलं की मग काय, ते खाली कोण घेणार?

नर्सरीच्या कुंपणाला लागून सहा खोल्यांची पत्र्याची ओळ होती. पहिली मुकादमाची, तिसरी कारागिराची. खोली कामाबरोबर मिळालेली, आणि काम सुटलं की त्याच दिवशी खोलीही सोडायची, हे सगळ्यांना ठाऊक. कारागिराला दुसरं घर नव्हतं. मुलगी लग्न होऊन लांब गेली होती, आणि सासरच्या माणसांत दबून होती. एक धाकटा भाऊ होता, तोही दोन खोल्यांत भाड्याने. त्यामुळे ही खोली म्हणजेच घर, आणि हात चालतो तोवरच खोली.

त्याला सगळे कारागीर म्हणायचे म्हणून बायको कारागिरीण. तिचं मूळ नाव पगाराच्या कागदावर होतं, तेवढंच. दोघं शेडनेटच्या जाळीखाली समोरासमोर बसायची. तो पिशवीतल्या रोपाचा, म्हणजे खुंटाचा, शेंडा उडवायचा, मधोमध चीर द्यायचा, चांगल्या झाडाची काडी दोन्ही अंगांनी तासून तिची पाचर करायचा आणि चिरेत बसवायचा. ती वरून प्लास्टिकची पट्टी आवळून बांधायची आणि टोपी घालायची. काम बघायला सोपं. पण साल सालीला भिडली तरच कलम धरतं. केसभर सरकली की आठ दिवसांत काडी काळी.

साल सरकतेय हे सगळ्यांत आधी कारागिरिणीलाच कळलं होतं. पट्टी बांधताना तिच्या बोटांना पाचर हलल्याचं लागायचं. कधी तासलेला भाग वाकडा, कधी चीर खुंटाच्या एका अंगाला गेलेली. ती आणखी एक वेढा देऊन घट्ट बांधायची. यांचं लक्ष नाही, मुलीची काळजी असेल, असं मनाशी म्हणायची. नवऱ्याचा उजवा अंगठा चाकूच्या मुठीवर थरथरतो, हे दिसत असूनही तिने त्याला नाव दिलं नाही.

ते दिलं मुकादमाने. सकाळच्या चहाच्या सुट्टीत कारागिराच्या हातात कप वाजायला लागला, चहा मनगटावर सांडला. मुकादम समोरच उभा होता. वाईट हेतूने नाही, नुसता थट्टेने म्हणाला, "काय कारागीर, काल जास्त झाली वाटतं?"

सगळे हसले. आणि कारागीरही हसला. इथेच घात झाला. हा माणूस विडीला शिवलेला नव्हता, पान खायचा नाही. चारचौघांत तोंडावर नाही म्हणाला असता तर विषय तिथेच संपला असता. पण तो हसला, आणि आपल्या हाताकडे असं बघत राहिला, जणू मुकादमाने काहीतरी उपयोगाचं सांगितलंय.

दुपारपर्यंत गोष्ट रोपांसाठी मातीच्या पिशव्या भरणाऱ्या बायकांत पोचली. तिथे मावशी होती, सगळ्यांत जुनी, नवरा दारूपायी गमावलेली. या विषयात तिचा शब्द शेवटचा. तिने एकेक खूण मोजून दाखवली. पाय ओढत चालतो की नाही? बोलणं तोंडातल्या तोंडात झालंय की नाही? चेहरा बघा कसा थिजलाय, माशी बसली तरी हलत नाही. "माझ्या माणसाचं असंच सुरू झालं होतं," ती म्हणाली, आणि बायकांनी माना हलवल्या. खुणा सगळ्या खऱ्या होत्या. एकही खोटी नव्हती. दुसऱ्याला पारखायचं म्हटलं की प्रत्येक जण आपल्याच घरातलं माप घेऊन निघतो, दुसरं आणणार कुठून?

कारागिरीण तरी काय वेगळी होती? लोकांसमोर ती म्हणायची, छे, आमच्याकडे तसलं काही नाही. आणि घरी जेवणाचं ताट उचलायला वाकली की नवऱ्याच्या तोंडाजवळ नाक न्यायची. दोन दिवस काही आलं नाही. त्याने ते पाहिलं. तिसऱ्या दिवशी वास आला.

सोमवारी सुट्टी होती. दाभण शोधायला तिने अवजारांची पेटी उघडली, आणि गोणपाटाखाली बाटली हाताला लागली. मग तिने मागचा पुढचा विचार केला नाही. बाटली घेऊन बाहेर आली, धुण्याच्या दगडावर आपटून फोडली आणि अंगणाच्या मधोमध उभी राहून तोंड सोडलं. मी कडक उन्हात बोटं सोलून घ्यायची आणि यांनी ही थेरं करायची, मुलीच्या सासरी कळलं तर तिला जगू देतील का, माझ्या कपाळी हेच लिहिलं होतं का. सहाही खोल्यांची दारं उघडली. मुकादम बनियनवर बाहेर आला. मावशीने धावत येऊन तिला मिठीत घेतलं आणि तीही रडायला लागली. कारागीर दारात उभा होता, एका हाताने दुसरा हात धरून. खाली बघत होता.

आत आल्यावर त्याने दार लावलं. दुपारचा पत्रा तापलेला, आत नुसती भट्टी.

"प्यायलो नाही," तो म्हणाला. "चूळ भरतो आणि थुंकतो. थोडी शर्टावर शिंपडतो."

तिला वाटलं, चढलीच आहे. मग त्याने ट्रंकेच्या तळाच्या कागदाखालून डॉक्टरची चिठ्ठी काढून तिच्या पुढ्यात टाकली. मागच्या महिन्यात चाकूला धार लावायला जातो म्हणून गेला होता, तेव्हाची. डॉक्टरने त्याला कागदावर रेघा मारायला लावल्या होत्या, भिंतीपर्यंत जाऊन परत यायला लावलं होतं. मग सांगितलं, की हे मेंदूतून येतं. गोळीने दोन-अडीच तास हात थांबेल. बरा होणार नाही, वाढत जाईल.

"मग दारू कशाला?" तिने विचारलं. 

"मुकादम बोलला तेव्हा सुचलं. दारूचा हात सुटतो गं. दारू सोडली की सुटतो, असं सगळे मानतात. आजाराचा हात कोण सांभाळणार?"

तिने विचार केला, आणि त्याचं म्हणणं खोडून काढायला तिला काही सापडेना. यांच्या आधीच्या म्हाताऱ्या कारागिराला मोतीबिंदू झाला होता. ज्या दिवशी पिशवी समजून त्याने हवेत हात घातला, त्याच दिवशी मालकाने त्याला एक चांगलं रोप भेट देऊन निरोप दिला. आणि ट्रॅक्टरवाल्याने पिऊन ट्रॉली चरात घातली, तीनशे रोपं मातीत गेली, तर त्याला समज दिली. दुसऱ्यांदा घातली, पुन्हा समज दिली. तो अजून कामावर. आजारी माणसाचं कुणी काही करू शकत नाही. दारुड्याला सुधारता येतं, आणि सुधारायला लोकांना आवडतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे मूठ झाकायला निदान बाटली मिळाली होती.

तिने नवऱ्याला सांगितलं की हे आधी बोलायला हवं होतं. तो म्हणाला, आधी बोललो असतो तर तू इतकं खरं रडली नसतीस.

तिने उठून चूल पेटवली.

मालक माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. दुसऱ्या दिवशी त्याने दोघांना ऑफिसात बोलावलं, खुर्च्या दिल्या. म्हणाला, अठरा वर्षांचा माणूस मी असा टाकणार नाही. चाळीस दिवस दारू सोडा. तोवर चाकू माझ्या टेबलात राहील, तुम्ही रोपांना पाणी घाला, बाई पिशव्या भरतील. चाळीस दिवसांनी माझ्यासमोर दहा कलमं बांधायची. हात स्थिर दिसला तर पुन्हा जाळीखाली. नाही दिसला तर मग माझाही नाइलाज. कारागिराने मान डोलावली. मान हलली ती थांबायला जरा वेळ लागला.

बाहेरच्या कारागिराला हंगामापुरतं बोलावलं गेलं. कारागिरीण मातीच्या ढिगाशी बायकांत बसू लागली. आणि खरं सांगायचं तर पहिले काही दिवस तिला ते बरं वाटलं. मावशी आपल्या शेजारची सावलीची जागा तिला द्यायची. उशीर झाला तर मुकादम ओरडायचा नाही. कुणी भाजी आणून द्यायचं, कुणी मुलीची चौकशी करायचं. अठरा वर्षं कारागिराची बायको म्हणून या बायका तिच्याशी जपून बोलायच्या. आता दारुड्याची बायको म्हटल्यावर ती त्यांच्यातली झाली. दया गोड लागते. तिने पदर डोळ्यांना लावला की आजूबाजूला लगेच चुकचुक व्हायची, आणि ती कधीकधी गरज नसतानाही लावायची. मग घरी येऊन नवऱ्याच्या शर्टाचं बटण लावून देताना तिला स्वतःची किळस यायची.

पण ती नुसती रडत बसली नव्हती. जेवणाच्या सुट्टीत खोलीचं दार लावून ती कलम शिकत होती. भाजीच्या चाकूला दगडावर धार काढलेली. छाटणीत टाकून दिलेल्या काड्या, फाटक्या पिशव्यांतले खुंट. तो समोर बसून सांगायचा. अंगठा पुढे नको, खाली. चाकू ओढ, दाबू नकोस. एका झटक्यात तास, दुसऱ्यांदा चाकू लावलास की साल सोलली समज. त्याच्या हाताला जे येत होतं ते शब्दांत सांगायला त्याला सुचायचं नाही, मग तो चिडायचा. तिची बोटं तीनदा कापली. चिंधी बांधून ती पिशव्या भरायची आणि माती जखमेत जायची. खोलीमागच्या सावलीत तिने तीस कलमं ठेवली. बावीस धरली. कोवळी तांबूस पानं फुटलेली बघून कारागीर उकिडवा बसला आणि एकेक पिशवी फिरवून पाहू लागला. शाबास म्हणाला नाही. म्हणाला, हे तुझं तिसरं, दहावं आणि सतरावं माझ्यापेक्षा बरं आहे.

बेत सरळ होता. गोळीच्या जोरावर दहा कलमं बांधून दाखवायची. एकदा जाळीखाली जाऊन बसलं की कोण बघतं? ती कापेल, तो बांधेल. पट्टी हलत्या हातानेही बांधता येते, वेळ लागतो एवढंच.

तिकडे लोक रोज तपासणी करत होते. पाण्याचा पाइप ओढताना कारागीर सरीत पडला, तर म्हणाले, बघा, सोडली म्हणे. वास येईनासा झाला, तर मुकादम म्हणाला की काहीतरी चघळून वास मारतात, मला विचारा. दुपारी गोळीने हात थांबला आणि त्याने चहा न सांडता प्यायला, तर मावशी हळूच म्हणाली, थोडी पोटात गेली की हात थांबतो, माझ्या माणसाचं असंच व्हायचं. थरथरला तरी दारू, न थरथरला तरी दारू. आता बोला.

चाळिसावा दिवस उजाडला. मालकाने नऊची वेळ दिलेली. आठला तिने गोळी दिली, साडेआठला हात थांबला. कारागिराने दाढी केली होती, एकाही ठिकाणी कापलं नव्हतं. जाळीखाली दहा खुंट मांडून ठेवलेले, ओल्या कापडात काड्या, मालकाने पाठवलेला चाकू. तो पाटावर बसला. नऊ वाजले. सव्वानऊ झाले. मालकाकडे बाहेरगावचे बागायतदार आले होते, ते रोपं बघत हिंडत होते. मुकादम म्हणाला, थांबा, येतीलच. कारागिरीण म्हणाली, तुम्हीच बघून घ्या ना. मुकादम म्हणाला, मी कोण बघणारा.

साडेदहाला अंगठा हलायला लागला. अकराला मनगट. त्याने हात मांडीखाली दाबून ठेवला. पाहुणे ऑफिसात चहाला बसले. बारा वाजता मालकाचा निरोप आला, अर्ध्या तासात येतो. कारागिरिणीने पाण्याच्या तांब्याचं निमित्त करून त्याला दुसरी गोळी दिली. त्याने तिच्याकडे पाहिलं. पोटात सकाळपासून काही नव्हतं, भीतीने खाल्लंच नव्हतं. तिने अजून अर्धी गोळी मोडून त्याच्या तोंडात सरकवली. लवकर लागू पडावी म्हणून. शहाणपणा तिचाच.

मालक आला तेव्हा कारागिराला घाम फुटला होता. मागे मुकादम, मावशी, पिशव्यांवरच्या सगळ्या बायका. पहिलं कलम बरं बसलं. हात खरंच थांबला होता. दुसरं बसलं. तिसऱ्याला त्याने डोळे मिटले, उघडले, खुंट दिसत नसल्यासारखा जवळ वाकला आणि तसाच एका अंगाला कलला. चाकू डाव्या तळव्यात गेला. रक्ताने काडी भिजली. ती धावली, तेवढ्यात तो तिच्या लुगड्यावर ओकला. नुसतं पाणी, हिरवट.

 मावशीने तोंडाला पदर लावला. मालकाने मान फिरवली आणि म्हणाला, "आजच्या दिवशी तरी नाही घ्यायची, कारागीर."

तेव्हा तिने सांगितलं. खोली जाते की राहते हे तिच्या डोक्यातून निघूनच गेलं होतं. नवऱ्याचा तळहात पदराने दाबून धरला होता आणि तिने सगळं सांगितलं. यांनी आयुष्यात दारू प्यायलेली नाही. हा आजार आहे, मेंदूचा. आम्ही खोटं बोललो. नुसती चूळ भरायचे, थुंकायचे. कमरेच्या पिशवीतून चिठ्ठी काढून तिने मालकाच्या हातात दिली.

मालकाने ती नीट वाचली, मागूनपुढून. मग घडी करून परत दिली. म्हणाला, बाई, अशी चिठ्ठी ट्रॅक्टरवाल्याचीही माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. दारूने नसाच जातात, दुसरं काय होतं?

"पण ते पीत नाहीत, मालक."

"बाटली तुम्हीच फोडलीत ना?" मुकादम म्हणाला. ओरडून नाही, समजावणीच्या सुरात. "आम्ही सगळे होतो तिथे. असं रडणं कुणी खोटं रडतं का?"

"तेव्हा मला ठाऊक नव्हतं."

हे बोलताना तिला स्वतःलाच ते कसंतरी वाटलं. तिने बायकांकडे पाहिलं. एकीच्याही चेहऱ्यावर राग नव्हता, अविश्वाससुद्धा नव्हता. नुसती कीव होती. नवऱ्याला पाठीशी घालणारी बायको त्यांनी काही पहिल्यांदा पाहिली नव्हती. मावशीने तर येऊन तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, मीही असंच सांगायचे गं सगळ्यांना, पोट बिघडलंय म्हणून.

कारागीर खाली बसला होता. त्याने एवढंच म्हटलं, "राहू दे."

संध्याकाळी मालकाने तिला एकटीला बोलावलं. खोलीमागची बावीस कलमं त्याला मुकादमाने दाखवली होती. यांनीच केलीत ती, असं तिने सांगून पाहिलं, पण मुकादमाने खिडकीतून तिला कापताना दोनदा पाहिलं होतं. मालक म्हणाला, हात चांगला आहे तुमचा. बाहेरचा कारागीर मी उद्याच बंद करतो, त्याची जागा तुमची. पगार त्याच्याइतका. खोली तुमच्या नावावर करतो. फक्त कारागीर कुंपणाच्या आत नकोत. इथे बायका काम करतात, चाकू-कात्र्या आहेत, आणि ते राहिले तर तुमच्या कमाईची रोज संध्याकाळी दारू होणार. मी तुमच्या भल्याचं सांगतोय बाई. त्याचा आवाज खरंच हळवा झाला होता.

तिने सकाळपर्यंत वेळ मागितला. खोलीत कारागीर पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसला होता. तिने सांगितलं आणि म्हणाली, आपण दोघंही जाऊ. तो म्हणाला, कुठे? ती म्हणाली, कुठेही. त्याने विचारलं, कुठेही म्हणजे कुठे ते सांग, गोळ्या कोण आणणार तेही सांग.  दिराला तिने मुकादमाच्या फोनवरून विचारलं. दीर म्हणाला, पाठवा वहिनी, भाऊ आहे तो माझा, टाकणार थोडाच. पण घरात वयात आलेल्या पोरी आहेत. बाहेर पडवीत झोपावं लागेल, आणि आल्यावर रोज तोंड हुंगेन मी, त्याचं वाईट वाटून घेऊ नये.

"हो म्हण मालकाला," कारागीर म्हणाला. "तू कापशील तर निदान कलमं तरी धरतील."

सकाळी तो अंथरुणाची वळकटी घेऊन निघाला. ती फाटकापर्यंत गेली. फाटकावरच्या रखवालदाराने वळकटी उघडायला लावली, उशी दाबून पाहिली, गोळ्यांची डबी हलवून पाहिली. मला तसं सांगितलंय कारागीर, माझा काही संबंध नाही, असं म्हणत त्याने स्वतःच वळकटी पुन्हा बांधून दिली, कारण कारागिराला ते जमेना. रस्त्याला लागल्यावर तो एकदाही मागे वळला नाही. पाय ओढत चालला होता, आणि समोरून येणारी दोन माणसं त्याला वाट देऊन बाजूला झाली.

ती जाळीखाली येऊन बसली. समोर पट्टी बांधायला मावशीला बसवलं होतं. मालक आजही पाहुण्यांना घेऊन सऱ्यांमधून हिंडत होता, जवळ येऊन थांबला, आणि या आमच्या नव्या कारागीर, असं त्यांना सांगितलं. तिने खुंटाचा शेंडा उडवला, चीर दिली, काडी तासली. मावशीने पट्टी ओढत तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं बाईच्या, अगदी मनापासूनचं.

"सुटलीस बाई एकदाची," मावशी म्हणाली.

मालक ऐकत होता. पाहुणे ऐकत होते. कारागिरिणीने पाचर चिरेत बसवली, साल सालीला भिडल्याचं बोटाने बघितलं आणि पिशवी मावशीपुढे सरकवली.

"हो," ती म्हणाली. "सुटले."

मग तिने दुसरा खुंट घेतला.